शिवप्रसादच्या नावाची सायकल

राघोबा बिराजदार त्या सकाळी जगदेवप्पाच्या सायकलच्या दुकानावरून तीनदा पुढे निघून गेला. पहिल्यांदा आत कॉलेजची दोन पोरं होती. दुसऱ्यांदा एक बाई मुलीच्या सायकलीत हवा भरून घेत होती. तिसऱ्यांदा दुकान रिकामं होतं, आणि नेमकं त्यामुळेच त्याचा धीर झाला नाही. गर्दीत माणूस खपून जातो. रिकाम्या दुकानात शिरलं की दुकानदार आपल्यालाच बघत राहतो.

चौसष्ट वर्षांचा हा माणूस जन्मभर वीजखात्यात लाइनमन होता. तालुक्यात तो चढला नाही असा खांब शोधावा लागला असता. वादळात तार तुटली की तो भर पावसात वर चढायचा आणि खाली लोक श्वास धरून उभे राहायचे. आता एका सायकलच्या दुकानाची पायरी त्याला चढवेना.

हवी होती ती सायकल दारातच टांगलेली होती. काळी, मधे हिरवा पट्टा, जाडजूड दातेरी टायर, पुढे शॉकअप, हँडलवर गियरचे खटके. अशा सायकली त्यानं कडगंचीच्या विद्यापीठातल्या पोरांकडे पाहिल्या होत्या. ती पोरं डांबरी सोडून पांदीतून, नांगरटीतूनसुद्धा दणादण जायची. राघोबाचं शेत त्याच रस्त्याला होतं, त्याच्या गावापासून, आळंदपासून, नऊ किलोमीटरवर, आणि त्यातली शेवटची तीन किलोमीटर म्हणजे काळ्या मातीची गाडीवाट.

दोन पावसाळ्यांमागे त्याच वाटेत त्याची मोटारसायकल घसरली. गळ्याजवळचं हाड मोडलं. कुणी येईपर्यंत तासभर चिखलात पडून होता. मुलगा शिवप्रसाद पुण्याहून धावत आला. हाड जुळलं, पण मुलानं मोटारसायकल विकून टाकली आणि बापाचा हात धरून स्वतःच्या डोक्यावर ठेवला.

"म्हणा अप्पा, पुन्हा दोन चाकांवर बसणार न्हाई."

राघोबा म्हणाला. एकुलत्या पोराच्या डोक्यावर हात ठेवल्यावर माणूस दुसरं काय म्हणणार?

तेव्हापासून शेताला जायचं म्हणजे फाट्यापर्यंत टमटम. ती दहा माणसं भरल्याशिवाय जागची हलत नाही. पुढे पायी. गुडघा बोलायला लागला तसं जाणं आठवड्यावर गेलं, मग पंधरवड्यावर. बटईनं शेत करणारा माणूस मोबाइलवर तुरीचे फोटो पाठवायचा. राघोबा दोन बोटांनी ते मोठे करून बघायचा. फोटोत शेंग दिसते, पण आत अळी आहे का ते बोटानं दाबून कळत नाही. डॉक्टर म्हणाले होते की चालणं कमी करा, सायकल चालली तर बघा, गुडघ्याला बरी. हे त्यानं घरात कुणाला सांगितलं नव्हतं.

चौथ्या फेरीला जगदेवप्पाच बाहेर आला.

"बर्री, बर्री! सकाळधरनं रस्ता मोजायलास व्हय? आत ये की."

जगदेवप्पा त्याच्याच वयाचा. कपाळावर विभूतीचे पट्टे, अंगात तेलाच्या डागांचा बनियन. राघोबा आत जाऊन स्टुलावर टेकला आणि उगाच एक ब्रेकचं रबर हातात घेऊन बघू लागला. मग मान वर न करता म्हणाला, "ती हिरव्या पट्ट्याची... कशी चालती?"

जगदेवप्पा काही बोलणार तेवढ्यात शिवय्या आत आला. हा निवृत्त कंडक्टर. रोज सकाळी ह्या दुकानाच्या बाकावर बसून पेपर वाचायचा आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचं तिकीट फाडायचा.

"आरारा! राघोबा गेरच्या सायकलीला हात लावायलाय! काय गा, रेस मारायलास का म्हातारपणी? पिवळी चड्डी बी घे मग, तसली टाइट."

राघोबाचे कान तापले. त्याच्या तोंडून निघून गेलं, "मला कशाला? शिवप्रसादला घ्यायलोय. पोट सुटलंय त्याचं. डॉक्टरनं सांगितलंय."

एकदा बोललेलं मागे घेता आलं असतं. पण शिवय्यानं मान डोलावली आणि "मग ठीक हाय, पोराला घ्यायलास तर चांगलीच घे" म्हणून पेपर उघडला. त्या मान डोलावण्यात राघोबाला इतकं सुटल्यासारखं वाटलं की खोटं तिथेच पक्कं झालं.

जगदेवप्पानं सायकल खाली काढली. "मडगार्ड बसवतो. पुण्यात पाऊस फार."

"नको," राघोबा पटकन म्हणाला.

"कामून?"

"चिखल अडकतो. मडगार्ड अन् टायरच्या मधी माती बसली की चाक फिरत न्हाई."

"ते काळ्या रानातल्या मातीचं झालं. पुण्याच्या डांबरीवर कुठली माती अडकतीय?"

जगदेवप्पानं पाना उचलला. "सीट वर घेतो. शिवप्रसाद तुझ्यापेक्षा वीतभर उंच हाय."

"राहू दे खालीच. सवय न्हाई त्याला."

"बरं. कॅरेज?"

"बसव. मजबूत. पोतं... बॅग मावली पाहिजे."

जगदेवप्पा पाना हातात धरून क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला. चिखल, खाली सीट, पोतं. चाळीस वर्षं माणसं सायकलवर बसवणाऱ्याला एवढं पुरेसं होतं. पण शिवय्या पेपराआडून कान देऊन होता, म्हणून तो कॅरेज बसवायला लागला.

त्या दुकानाची एक रीत होती. जगदेवप्पाच्या वडिलांपासूनची. नवी सायकल नाव लिहिल्याशिवाय दुकानाबाहेर जायची नाही. पूर्वी सायकली चोरीला जायच्या म्हणून सुरू झालेलं. आता चोरी कमी झाली, पण रीत राहिली. पातळ ब्रश आणि पांढरा रंग घेऊन जगदेवप्पा मधल्या दांडीवर मालकाचं नाव लिहायचा. कानडीत म्हणा, मराठीत म्हणा, उर्दूत म्हणा, अक्षर मोत्यासारखं. लोक म्हणायचे, कंपनीचं नाव पुसून जातं, जगदेवप्पाचं जात नाही.

ब्रश बुडवून तो उकिडवा बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "राघोबा, नाव इचार करून सांग. मी चालवणाऱ्याचंच लिहितो."

राघोबानं बाकाकडे पाहिलं. शिवय्यानं पेपर खाली केला होता.

"लिही की. शिवप्रसाद राघोबा बिराजदार, पुणे."

जगदेवप्पानं लिहिलं. लिहिल्यावर म्हणाला, "रंग वाळायला उद्यापर्यंत लागतंय. तवर रॉकेलच्या बोळ्यानं पुसता येतंय. सायकल राहू दे हितंच. सकाळी ये."

राघोबा सकाळी गेला, मनाशी वाक्य घोकत. "जगदेवप्पा, ते नाव बदल." एवढंच. चार शब्द. शिवय्या बाकावर होताच, शेजारी आणखी दोघं. राघोबानं सायकल हातात धरली आणि तशीच ढकलत घरी नेली.

मनाशी त्यानं ठरवलं होतं की अंगणात मागच्या बाजूला ठेवायची, सवडीनं कानशीनं नाव घासायचं, मग बायकोला हळूच सांगायचं. पण सोजराबाई दारातच शेंगा निवडत बसली होती. तिनं सायकल पाहिली, दांडीवरचं नाव बोट ठेवून वाचलं, आणि तिचा चेहरा उजळला.

"अवो, शिवाला? तुमी? मला बी न्हाई सांगितलं! मनकवडे झालाव व्हय म्हातारपणी?"

तो तोंड उघडेपर्यंत तिनं मुलाला व्हिडिओ कॉल लावलासुद्धा. "बघ रे, काय आणलंय तुझ्या अप्पानं. बघ नाव. दिसायलंय का?"

पडद्यावर शिवप्रसाद ऑफिसच्या जिन्यात उभा होता. छत्तीस वर्षांचा, चष्मेवाला. त्यानं मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन नाव वाचलं. मग म्हणाला, "अप्पा, आठवतंय का, दहावीला मी गेरची सायकल मागितली व्हती?"

राघोबाला आठवत नव्हतं. खरंच नव्हतं. घरात त्या वर्षी बरंच काही चाललं होतं, बोअर आटली होती, म्हैस गेली होती, त्यात पोरानं एकदा काही मागितलं असेल.

"तुमी म्हणलाव, बस हाय की," शिवप्रसाद हसत म्हणाला, पण चष्मा काढून त्यानं डोळे पुसले. "मला वाटायचं तुमी विसरलाव. वेळ अमावस्येला येतोच की आमी. तवा घेऊन जातो."

फोन बंद झाल्यावर सोजराबाई पदरानं डोळे टिपत आत गेली आणि राघोबा सायकलची मूठ धरून अंगणात उभा राहिला.

वेळ अमावस्येला अजून सोळा दिवस होते. मार्गशीर्षातली ती अमावस्या ह्या भागात दिवाळीपेक्षा मोठी. त्या दिवशी गाव रिकामं होतं आणि सगळी माणसं आपापल्या शेतात जेवायला जातात. पुण्या-हैदराबादेकडे गेलेली पोरंही त्या दिवसाला चुकत नाहीत.

दुसऱ्या दिवशी राघोबा पहाटेच उठला. "नवी सायकल उभी ठेवली की टायर बसतंय," त्यानं बायकोला सांगितलं. "जरा फिरवून आणतो." अन् थेट शेताच्या रस्त्याला लागला. सुरुवातीला हँडल वळवळलं. एका चढावर गियर खटकन भलतीकडेच पडला आणि पाय हवेतच फिरले. पण फाट्यावरून गाडीवाटेला लागल्यावर त्या जाड टायरांनी ढेकळं अशी दाबत नेली की तो स्वतःशीच "आयला" म्हणाला.

आणि मग त्याला शपथ आठवली. पोराच्या डोक्यावरचा हात.

तो तिथेच उतरला. वाटेत उभा राहून पुण्याला फोन लावला.

"काय अप्पा? इतक्या सकाळी?"

"काही न्हाई. बरा हायस नव्हं?"

"बरा हाय की. का?"

"असंच. नीट जा ऑफिसला."

पोरगा बरा आहे हे कळल्यावर तो पुन्हा सीटवर बसला. शेतात जाऊन त्यानं एकेका ओळीतून हात फिरवत तुरीच्या शेंगा दाबून पाहिल्या. कोपऱ्यातल्या चार ओळींत अळी होती. बटईवाल्याला कळलं नव्हतं. फवारणी झाली, तूर वाचली.

मग ते रोजचंच झालं. पहाटे निघायचं, फाट्यावर उतरून पुण्याला फोन करायचा, मग पुढे. गुडघा कुरकुरायचा थांबला. जेवणात एक भाकरी वाढली. एका सकाळी त्याच्या पँटला चिकटलेली कुसळं वेचता वेचता सोजराबाई म्हणाली, "टायर लई लांब फिरवायलाव जणू."

राघोबानं उरलेली कुसळं स्वतःच वेचायला घेतली.

"त्याची न्हाई ना ती सायकल?"

"न्हाई."

"मग सांगा की त्याला."

"कसं सांगू? रडलं पोरगं."

"मी सांगू?"

"न्हाई," तो म्हणाला. "मीच बघतो."

रोज सकाळी फोनवर तो सांगून बघायचा, आणि रोज "नीट जा ऑफिसला" वर गाडी थांबायची.

अमावस्येच्या आदल्या दिवशी शिवप्रसाद बायको स्नेहा अन् मुलीला घेऊन कारनं आला. कारच्या मागे त्यानं सायकल अडकवायचं नवं लोखंडी स्टँड बसवून आणलं होतं. राघोबाला ते दाखवताना तो लहान मुलासारखा वाकून एकेक पट्टा ओढून दाखवत होता. "पुण्यापर्यंत हलायची न्हाई, अप्पा."

दुसऱ्या दिवशी सगळे शेतात गेले. सायकल मागच्या स्टँडवर. कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, उभारली होती, आत चुन्यानं रंगवलेले पांडवांचे पाच दगड. पूजा झाली, शिवारात आंबील शिंपडून झालं, मग सगळ्या भाज्यांची मिळून भज्जी, बाजरीचे उंडे, खीर, शेंगाची पोळी. जेवून सुस्तावल्यावर शिवप्रसाद उठला. "एक चक्कर मारतो."

राघोबा बांधावरून बघत होता. शिवप्रसाद गाडीवाटेला लागला. सीट त्याला खाली पडत होती, गुडघे कोपरांना लागत होते. पुढच्या चढावर तो उभ्यानं पायडल मारू लागला आणि राघोबाच्या तोंडून ओरडून निघालं, "डाव्या हाताचा खटका दाब! पुढचं बारकं चाक घे! अन् बाभळीपाशी उजवीकडनं काढ, डावीकडं काटं हायत!"

शिवप्रसाद थांबला. मागे वळून त्यानं बापाकडे पाहिलं, मग बाभळीकडे, मग वाटेकडे. मऊ मातीत दातेरी टायरच्या कितीतरी जुन्या रेघा उमटलेल्या होत्या, जाणाऱ्या आणि येणाऱ्या.

तो सायकल ढकलत परत आला. राघोबानं एकदाच श्वास घेतला, खांबावर पहिला पाय ठेवताना घ्यायचा तसा.

"शिवा, मी ती तुझ्यासाठी घेतली न्हवती. मला घेतली. शेताला यायला."

"मग माझं नाव?"

"दुकानात लोक व्हते. लाजलो. म्हातारा गेरच्या सायकलीवर म्हणून हसत्याल वाटलं."

"रोज येताव हिच्यावर?"

"रोज."

शिवप्रसादचा चेहरा आवळला. "माझ्या डोक्यावर हात ठिवून म्हणलाव व्हतं अप्पा."

"म्हणलो व्हतो. म्हणूनच रोज फाट्यावर उतरून फोन लावायलो. तू बरा हायस का बघायला."

"त्यासाठी फोन?" शिवप्रसाद हसला, पण ते हसू नव्हतं. "मला वाटलं, आठवण यायलीय. मी स्नेहाला बी म्हणलो, अप्पा बदलले बघ. ऑफिसात सगळ्यांना सायकलचा फोटो दाखवला मी. वडिलांनी घेतली म्हणून."

दूर दुसऱ्या शेतातून कुणीतरी पोरांना हाका मारत होतं. राघोबा बांधावर खाली बसला. म्हणाला, "फोन शप्पथेपायी लावायचो. पण लावल्यावर ठेवू वाटायचं न्हाई. दहावीचं मला आठवत न्हाई, शिवा. खोटं कशाला बोलू आता? मागितली असशील तू. मी बस हाय म्हणलो असंल. चुकलो."

शिवप्रसाद त्याच्या शेजारी बसला. दोघांच्या मधे सायकल आडवी पडलेली होती.

"तुला दुसरी घेऊ," राघोबा म्हणाला.

"कुठं ठिवू? बिल्डिंगीत चप्पल काढायला जागा न्हाई. बाल्कनीत टांगणार व्हतो." तो पुढच्या चाकाचा टायर अंगठ्यानं दाबत राहिला. "हितंच पडला व्हता ना तुमी? त्या खळग्यात?"

"व्हय. तिथं आता उतरून ढकलत नेतो."

"रोज?"

"रोज. भ्यालेला माणूस हाय मी. तुला काय वाटतं, मी उडत जातो?"

ह्यावर शिवप्रसाद खरोखर हसला. मग बापाचा हात उचलून त्यानं आपल्या डोक्यावर ठेवला, क्षणभर ठेवला, आणि बाजूला केला. "सुटली शप्पथ," तो म्हणाला. "पण पावसाळ्यात न्हाई."

"पावसाळ्यात न्हाई," राघोबा म्हणाला.

"अन् फोन बंद करायचा न्हाई."

"न्हाई करत."

संध्याकाळी उन्हं कलल्यावर सगळी आवराआवर झाली. कारमध्ये भांडी, सोजराबाई, सून, झोपलेली नात. सायकलला हात लावत शिवप्रसाद म्हणाला, "मागं अडकवतो. घरी काढू."

"मी येतो हिच्यावर," राघोबा म्हणाला.

सोजराबाईनं काचेतून एकदा ह्याच्याकडे, एकदा त्याच्याकडे पाहिलं आणि मांडीवरची नात सरळ केली.

राघोबा पुढे निघाला. मागून कार, चालण्याच्या वेगानं, दोन्ही पिवळे दिवे लुकलुकत. गाडीवाट संपली, फाटा आला, डांबरी लागली, तरी कार मागेच. शेतातून परतणाऱ्या ट्रॅक्टरवरचे लोक वळून वळून बघू लागले. "काय राघोबा, मागं मंत्री हाय का?" कुणीतरी ओरडलं. राघोबाचे कान पुन्हा तापले, पण ह्या वेळी तो रस्त्याच्या कडेला थांबला, एक पाय जमिनीवर टेकवला आणि हातानं कारला पुढे जायची खूण केली.

कार त्याच्या बरोबरीला येऊन थांबली. काच खाली झाली.

"रस्त्याला ट्रक असत्यात, अप्पा."

"असत्यात."

"अंधार पडायलाय."

"पडायच्या आत येतो. जा तू. आईला चहा मांडायला सांग."

शिवप्रसाद स्टिअरिंगवर बोटं वाजवत बसून राहिला. मागून एका टमटमवाल्यानं हॉर्न दिला. मग पिवळे दिवे बंद झाले, काच वर गेली, आणि कार हळूहळू, मग बऱ्यापैकी वेगानं आळंदच्या दिशेनं निघून गेली. वळणावर एकदा तिचे लाल दिवे लागले, जणू थांबते आहे. थांबली नाही.

राघोबानं पायडलवर पाय ठेवला.